डेव्ह नेमका कुठे गातो

२०२५ च्या संक्रांतीची गोष्ट. अमेरिकेत, मेम्फिसजवळच्या कॉलियरव्हिलला एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं, नावाला बायकांचं, पण वीकेंड गाठून ठेवलेलं त्यामुळे नवरे, पोरं, कुणाचे तरी भारतातून आलेले सासूसासरे असे सगळेच जमलेले. मेम्फिसच्या या बाजूला मराठी घरं बऱ्यापैकी आहेत, बहुतेक घरातलं कुणी ना कुणी फेडएक्समध्ये. बाहेर बोचरी थंडी, आत गुळाच्या पोळ्यांचा आणि साजूक तुपाचा वास, आणि मी तिळगूळ तोंडात टाकत असताना मैत्रिणीचा नवरा म्हणाला, "अगं, तुझा तो सॅम मूर गेला ना, न्यूज बघितली." मी म्हटलं हो, दहा तारखेला गेला, फ्लोरिडात, एकोणनव्वद वर्षांचा होता. "सॅम अँड डेव्हमधला मेन सिंगर ना तो?" सॅम अँड डेव्ह म्हणजे साठच्या दशकातली सोल गाणारी अमेरिकन जोडी, सॅम मूर आणि डेव्ह प्रेटर. मी म्हटलं मेन असं काही नाही, दोघंही. तर म्हणाला, "पण दुसरा नुसता साथीला असायचा ना." तेवढ्यात कुणीतरी वाणाच्या डब्यांसाठी मला आत हाक मारली आणि विषय तिथेच राहिला.

त्याचं काहीच चुकलं नव्हतं, माणूस साधा आहे, गाण्याची आवड असलेला आहे, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या जगाने ही गाणी अशीच ऐकली आहेत. त्या आठवड्यातल्या मृत्युलेखांमध्येही सूर तोच होता, वरच्या पट्टीतला तो अफाट आवाज गेला वगैरे, आणि डेव्ह प्रेटर एखाद्या ओळीत, १९८८ मध्ये कार अपघातात वारला एवढंच. पण रात्री गाडी चालवत घरी येताना, मुलं मागे झोपलेली, हायवेवर दोन्ही बाजूंना काळोख, मला ते वाक्य सारखं बोचत राहिलं. म्हटलं, आता घरी जाऊन रेकॉर्ड लावायची आणि फक्त डेव्हला ऐकायचं. सॅमकडे लक्षच द्यायचं नाही.

ते जमत नाही. करून बघा कधी.

रेकॉर्ड म्हणजे १९६६ ची, स्टॅक्स या मेम्फिसच्या रेकॉर्ड कंपनीची, 'होल्ड ऑन, आयम कमिन'. त्यांची स्टॅक्सवरची पहिली एलपी. मिडटाऊनमधल्या एका जुन्या रेकॉर्ड्सच्या दुकानात मिळाली होती, कव्हरचे कोपरे पांढरे पडलेले, मागच्या बाजूला कुणीतरी पेनने आपलं आडनाव लिहून ठेवलेलं, आत नाक घातलं की जुन्या कपाटाचा आणि थोडा तंबाखूचा वास. कव्हरवर चक्क एक भलंमोठं कासव आहे आणि त्याच्या पाठीवर सॅम आणि डेव्ह बसलेत. गाण्याचं नाव 'धीर धर, आलोच' आणि वाहन कासव, ज्याने कुणी हे चित्र काढलं त्याच्यावर माझा फार जीव आहे. बारा गाणी, एकही तीन मिनिटांच्या फार पुढे जात नाही. सुई टेकवली की आधी खरखर, मग एकदम ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन, खोलीतली हवाच बदलते, आणि मग खालून बेस आणि ड्रम्सची ती चाल सुरू होते जी घाईत नाहीये पण थांबणारही नाहीये. मग सॅम येतो. त्याचा आवाज वरून येतो, टोकदार, चर्चमधल्या सोलोसारखा, पहिल्या ओळीपासूनच रडकुंडीला आल्यासारखा आणि तरी पूर्ण ताब्यात. पहिलं कडवं त्याचं. धृपदात दोघं एकत्र. आणि मग दुसऱ्या कडव्याला डेव्ह पुढे येतो, आवाज जाड, थोडा खरखरीत, छातीतून येणारा, आणि गाण्याला अचानक जमीन मिळते. सॅम सांगत असतो की मी येतोय. डेव्ह सांगतो तेव्हा मला तो दारात येऊन उभा राहिलाय असं वाटतं.

पुढे पुढे तर दोघं इतके एकमेकांत जातात की वेगळे काढता येत नाहीत. एकाची ओळ संपायच्या आत दुसरा शिरतो, कधी नुसता एक हुंकार, कधी एकच शब्द, कधी शेवटचा स्वर उचलून तो तसाच पुढे नेतो. डेव्हवर लक्ष ठेवायचं म्हणून मी बसले होते, पण ओळीच्या मध्येच लक्षात यायचं की आपण केव्हाच सॅमवर गेलोय, आणि डेव्हला परत शोधायला जावं तर तोपर्यंत तो वर गेलेला आणि सॅम खाली आलेला. नवरा झोपेतून उठून आला, म्हणाला एवढ्या रात्री काय शोधतेयस. मी म्हटलं डेव्हला.

माझे बाबा कुडाळजवळच्या आमच्या गावी भजनी मंडळात आहेत. कोरसमध्ये. आयुष्यभर कोरसमध्ये. पेटीवर बुवा, शेजारी पखवाज, चकवा, झांजा, आणि मागे मांडी ठोकून बसलेले सात-आठ जण, त्यात बाबा. गणपतीत घरोघर आरत्या आणि भजनं करत फिरायचं, शेवटच्या घरी पोचेपर्यंत रात्रीचे दोन वाजलेले, काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा, ट्यूबलाइटभोवती किडे, आणि मी आईच्या मांडीवर पेंगत असताना मला बुवांचा आवाज नाही आठवत, मला त्यांच्या मागून उसळून येणारा तो आवाजांचा लोंढा आठवतो. बुवा ओळ टाकतात, कोरस ती उचलतो. बुवा तिला थोडी वाकवतात, कोरस तशीच वाकवून परत देतो. आणि गजराला लय चढली की कोण देतंय आणि कोण घेतंय काही कळत नाही, सगळं देऊळ हलतंय असं वाटतं. लहान असताना मी एकदा बाबांना विचारलं होतं की तुम्ही कधी बुवा का नाही होत. त्यांना त्याचं काही वाईट वाटलं नाही. म्हणाले, "बुवाक दम घेवक गावाक व्हया, तेच्यासाठी आमी." बुवाला श्वास घ्यायला मिळाला पाहिजे, त्यासाठी आम्ही. सॅम अँड डेव्हची रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला परदेशी, अनोळखी असं काही ऐकतोय असं वाटलंच नाही त्याचं कारण बहुतेक हेच असावं. ही देवाणघेवाण माझ्या कानाला आधीपासून माहीत होती.

आणि त्यांचीही ती देवळातलीच आहे, म्हणजे चर्चमधली. सॅमचं लहानपण मायामीत, डेव्ह जॉर्जिया राज्यातल्या ओसिला नावाच्या लहान गावचा, दोघंही गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणाऱ्या ग्रुपमध्ये गाऊन तयार झालेले. पास्टरने एक वाक्य म्हणायचं आणि जमलेल्या लोकांनी त्याला उत्तर द्यायचं, हे त्यांच्या हाडात होतं. या एलपीवर 'यू डोन्ट नो लाइक आय नो' हे गाणं आहे ते तर सरळसरळ एका गॉस्पेल गाण्यावरून बेतलेलं, देवाने माझ्यासाठी काय केलं ते तुम्हाला नाही कळायचं असं मूळ गाणं, त्यात देवाच्या जागी बाई आणली आणि झालं. त्या काळातल्या बऱ्याच चर्चवाल्यांना हे अजिबात पटायचं नाही, देवाची चाल चोरून बारमध्ये नेली म्हणून. मला त्यांचा राग समजतो. पण गाणं ऐकताना जाणवतं की त्यांनी चर्चमधून चाल नेली, त्याच्यासोबत चर्चमधली कळकळही नेलीय, ती तिथे मागे नाही राहिली.

दोघं भेटले तो किस्सा सॅमने अनेकदा सांगितलाय. १९६१, मायामीतला किंग ऑफ हार्ट्स क्लब, हौशी गायकांची रात्र. सॅम तिथे कार्यक्रम सांभाळायचा. डेव्ह दिवसा स्वयंपाकघरात काम करायचा आणि त्या पांढऱ्या कपड्यांतच गायला आला. जॅकी विल्सनचं गाणं गायचं ठरलं, पण त्याला कडवी नीट येत नव्हती, तेव्हा सॅम म्हणाला तू सुरू कर, मी मागून शब्द सांगतो. म्हणजे बघा, पहिल्या रात्री डेव्ह पुढे होता आणि सॅम मागे. गाता गाता माइक पडायला आला, दोघंही तो धरायला एकदम वाकले, आणि लोकांना वाटलं हे ठरवून केलंय, क्लब डोक्यावर घेतला. क्लबच्या मालकाने दोघांना एकत्रच गायला लावलं. पुढे रूलेट कंपनीने त्यांच्या काही सिंगल्स काढल्या, त्या फारशा चालल्या नाहीत, आणि मग अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या जेरी वेक्सलरने त्यांना करारबद्ध केलं आणि रेकॉर्डिंगसाठी इकडे मेम्फिसला, स्टॅक्सकडे, उसने दिल्यासारखे पाठवले. ते उसने शब्दशः होते, करार अटलांटिककडेच राहिला. त्याचं पुढे काय झालं ते सांगते.

मेम्फिसला येऊन राहिल्यावर मला कितीतरी दिवस पत्ताच नव्हता की हे सगळं आपल्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर झालंय. ईस्ट मॅक्लेमोर अव्हेन्यू, नंबर ९२६. मूळची इमारत एका बंद पडलेल्या सिनेमा थिएटरची. जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन, तो बँकेत नोकरी करणारा आणि हौसेने फिडल वाजवणारा, तिने रेकॉर्डिंग मशीनसाठी आपलं घर गहाण ठेवलेलं. दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून स्टॅक्स. खुर्च्या काढून टाकल्या पण थिएटरचा उतार सपाट करायला पैसे नव्हते म्हणून तो तसाच ठेवला, कंट्रोल रूम पडद्याच्या जागी स्टेजवर, आणि जिथे पूर्वी पॉपकॉर्न मिळायचं तिथे एस्टेलचं रेकॉर्डचं दुकान. गल्लीतली पोरं दुकानात यायची, गाणी ऐकत उभी राहायची, आणि तिला समोरच कळायचं की कशावर पाय हलतायत. डेव्हिड पोर्टर रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात काम करायचा, तो असाच आत आला आणि पुढे आयझॅक हेजबरोबर बसून याच सॅम अँड डेव्हसाठी गाणी लिहू लागला. 'होल्ड ऑन'चा जन्म तर सगळ्यांना माहीत असलेला, हेज पियानोपाशी खोळंबलेला, पोर्टर बाथरूममध्ये, आणि हेजने हाका मारल्यावर आतून आलेलं उत्तर म्हणजे हे नाव. काही रेडिओवाल्यांना त्यात भलता अर्थ दिसला म्हणून सिंगलवर नाव जरासं बदलावंही लागलं. तरी ते रिदम अँड ब्लूजच्या यादीत एक नंबरला गेलं.

आज तिथे जे म्युझियम आहे ती मूळ इमारत नाही. कंपनी १९७५ मध्ये बुडाली, इमारत १९८९ मध्ये पाडली, आणि २००३ मध्ये त्याच जागेवर तशीच परत उभी केली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आत शिरल्या शिरल्या एक अख्खं लाकडी चर्च लागतं, मिसिसिपी डेल्टामधलं शंभर वर्षांचं जुनं, उचलून आणून आत बसवलेलं. त्याच्या बाकावर बसले. लाकडाचा कोरडा वास, भिंतीवर पंखे, स्पीकरवर हळू आवाजात गॉस्पेल. मग पुढे स्टुडिओ ए. तो उतार त्यांनी परत बांधलाय. उभं राहिलं की पोटऱ्यांना जाणवतो, आपण नकळत थोडे पुढे झुकतो. इथे, अशाच उतारावर, सगळे एकाच खोलीत एकाच वेळी वाजवत होते. स्टीव्ह क्रॉपर गिटारवर, डक डन बेसवर, अल जॅक्सन ज्युनियर ड्रम्सवर, बुकर टी. जोन्स कॉलेजला इंडियानाला असला की कीबोर्डवर आयझॅक हेज, वेन जॅक्सनचा ट्रम्पेट, अँड्र्यू लव्हचा सॅक्सोफोन. क्रॉपर आणि डन गोरे, बुकर टी. आणि अल जॅक्सन काळे, आणि दाराबाहेरच्या मेम्फिसमध्ये त्या वर्षांत या माणसांनी एकत्र जेवायला बसायचं म्हटलं तरी कुठे बसायचं हा प्रश्न होता. गाणी लिहायला ते ज्या लोरेन मोटेलमध्ये जमायचे, १९६८ च्या एप्रिलमध्ये त्याच मोटेलच्या गॅलरीत मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली गेली. ती गॅलरी मी बघून आलेय. त्याबद्दल या लेखात जास्त लिहिणं मला जमणार नाही.

सॅमला सुरुवातीला स्टॅक्स आवडलं नव्हतं. त्याला सॅम कुक, जॅकी विल्सन यांच्यासारखं गुळगुळीत, सूटबूटातलं गायचं होतं, आणि हे हेज आणि पोर्टर त्याला म्हणत होते चर्चमध्ये गाशील तसं गा, एकमेकांवर ओरडा, घाम काढा. हे त्यानेच नंतर मुलाखतींमध्ये सांगितलंय. डेव्हला काय वाटलं होतं? डेव्हला मेम्फिस आवडलं का, तो उतार, ती माणसं? हे शोधायला गेलं की हाताला फार थोडं लागतं. आणि मला हळूहळू हे जाणवायला लागलं की सॅम अँड डेव्हबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते बहुतांशी सॅमने सांगितलेलं आहे. याचं कारण अगदी साधं आहे, डेव्ह पन्नास वर्षांचा असताना गेला आणि सॅम त्याच्यानंतर जवळजवळ सदतीस वर्षं जगला. सॅम खोटं बोलला असं मी म्हणत नाहीये, तो स्वतःच्या ड्रग्जबद्दलही लपवाछपवी न करता बोलला, त्यातून बाहेर आला. पण स्टेजवर ज्या माणसाच्या प्रत्येक ओळीला उत्तर यायचं, त्याच्या आठवणींना उत्तर द्यायला कुणी उरलं नव्हतं.

आता ते सांगायला हवं, जे टाळून डेव्हबद्दल लिहिणं मला बरोबर वाटत नाही. १९६८ मध्ये डेव्हने घरातल्या भांडणात आपल्या बायकोवर गोळी झाडली. ती वाचली. त्याच्यावर खटला चालला नाही. सॅमने सांगितलंय की त्यानंतर त्याने डेव्हला म्हटलं, मी तुझ्याबरोबर गाईन पण बोलणार नाही. आणि पुढची बारा-तेरा वर्षं, मध्ये वेगळे झाले, परत आले, परत वेगळे झाले, जेव्हा जेव्हा एकत्र होते तेव्हा हे असंच चाललं. वेगवेगळ्या ड्रेसिंग रूम, वेगवेगळा प्रवास, स्टेजवर मात्र खांद्याला खांदा. १९८१ च्या ३१ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शेवटचं गायले आणि संपलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रेकॉर्ड कपाटात ठेवून दिली आणि बराच काळ काढली नाही. १९६६ मधलं गाणं १९६८ मधल्या कृत्याने बदलत नाही हे मला समजतं, पण कान ऐकत नाही. संकटात मला हाक मार, मी येतो, असं जो माणूस इतक्या खात्रीने गातो, त्याच्याच घरात त्याच्याच हातात बंदूक. आणि ती बाई. तिचं काय म्हणणं होतं ते मला कुठेही वाचायला मिळालेलं नाही. सॅमची बाजू आहे, डेव्हची अर्धीमुर्धी आहे, आणि तिसरी जी सगळ्यात महत्त्वाची ती या गोष्टीत नुसती एक वाक्य होऊन राहिलीय, तेही दुसऱ्या कुणाच्या मौनाचं कारण म्हणून. मी डेव्हची वकिली करायला बसलेले नाही. पण मग त्याचा आवाज तरी का शोधत बसते असं मला कुणी विचारलं, माझ्या मुलीने तर विचारलंच, तर मला एवढंच सांगता येतं की त्या माणसाबद्दलचं माझं मत आणि त्या आवाजाची मला असलेली गरज या दोन्ही गोष्टी माझ्यात एकत्र राहतात आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

रेकॉर्ड परत बाहेर काढली ती त्या मौनाच्या विचारानेच. दोन माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत, आणि तरी रोज रात्री एकमेकांचा श्वास मोजून गातात, हे कसं होत असेल? मला वाटतं हे शक्य झालं कारण ते बोलून कधी गातच नव्हते. बाबांच्या मंडळातही असे दोघे होते, जमिनीच्या बांधावरून कोर्टकचेरी चाललेली, वाटेत दिसले तरी तोंड फिरवायचे, पण कोरसमध्ये एकाचा स्वर जरा खाली गेला की दुसरा तो अलगद उचलायचा, आणि भजन संपलं की परत दोन दिशांना. लहानपणी मला हे ढोंग वाटायचं. आता नाही वाटत. गाण्यातला विश्वास ही एक वेगळी गोष्ट असते, ती गळ्याची आणि कानाची असते, आणि माणसावरचा विश्वास उडाला तरी ती काही काळ टिकते. कायमची टिकत नाही, हेही तितकंच खरं.

कारण ते गाणं नंतर उतरत गेलंच. १९६७ मध्ये युरोपात स्टॅक्सच्या सगळ्या ताफ्याबरोबर दौरा झाला, 'सोल मॅन' हे गाणं आलं, त्याला पुढे ग्रॅमी मिळालं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्टॅक्सचा गायक ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला. मग १९६८ मध्ये अटलांटिक आणि स्टॅक्स यांचं फाटलं आणि तेव्हा कळलं की जिम स्टुअर्टने नीट न वाचता सही केलेल्या करारामुळे अटलांटिकने आजवर वितरित केलेल्या स्टॅक्सच्या रेकॉर्डिंग्जची मालकी अटलांटिककडे आहे. आणि उसने दिलेले सॅम अँड डेव्हही परत गेले. गायक तेच, आवाज तेच, वय तिशीच्या आसपास, म्हणजे ऐन भरात, आणि तरी हेज-पोर्टरची गाणी नाहीत, तो उतार नाही, मागे अल जॅक्सन नाही, तर पूर्वीसारखं काही हाताला लागेना. त्या नंतरच्या रेकॉर्डिंग्ज मी प्रामाणिकपणे ऐकल्या आहेत. वाईट नाहीत. पण त्यात दोघं आपापलं गातात. १९६६ च्या एलपीवर अगदी साधी, भरतीची म्हणावीत अशी गाणीही आहेत, सगळीच काही 'होल्ड ऑन'च्या तोडीची नाहीत, पण त्या साध्या गाण्यांतही एकजण दुसऱ्याला पडू देत नाही. मला तर दुसऱ्या बाजूवरची संथ गाणी जास्त आवडतात, कारण तिथे ट्रम्पेट-सॅक्सोफोन मागे सरकतात आणि दोघांच्या मधली जागा ऐकू येते.

वेगळं झाल्यावर डेव्हने दुसरा एक सॅम शोधला. खरंच, सॅम डॅनियल्स नावाचा गायक, आणि त्याच्याबरोबर जुन्या नावाने कार्यक्रम करत फिरला. मूळ सॅम कोर्टात गेला. लोक यावर हसतात, नावासाठी माणूस बदलला म्हणून. मला त्यात दुसरं काहीतरी दिसतं. डेव्हला एकट्याने गाणं जमलं नसतं असं नाही, पण त्याचा गळा समोरून ओळ यायची वाट बघायला तयार झाला होता, आणि ती कुणीतरी टाकायला हवी होती. १९८८ च्या एप्रिलमध्ये आईच्या घरी जाताना जॉर्जियातल्या सिकमोर गावाजवळ त्याची गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली.

गेल्या महिन्यात बाबांशी व्हिडिओ कॉल चालू असताना मी त्यांना ती रेकॉर्ड ऐकवली. आवाज नीट जावा म्हणून फोन स्पीकरसमोर धरून ठेवला, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मधूनमधून कौलांवर पडणाऱ्या पावसाचा आवाज यायचा. शब्द त्यांना कळणं शक्यच नव्हतं. फोन वळवून बघितलं तर डोळे मिटलेले आणि हात मांडीवर ठेका धरतोय. पहिलं काय म्हणाले असतील तर, "ह्यांचो पखवाजवालो बरो आसा. घाई करणा नाय." मी त्यांना सांगितलं की त्याचं नाव अल जॅक्सन, आणि ठेक्यातला दुसरा आणि चौथा ठोका किंचित उशिरा टाकायचा ही त्या लोकांची युक्ती, कधी ठरवून केलेली, आणि तेवढ्याशा उशिरामुळे गाणं असं झोकात चालतं. त्यांनी परत लावायला सांगितलं. या वेळी बोटांवर मोजत होते. मग गाणं शेवटाला आलं, दोघंही पेटलेले, एकमेकांच्या वर चढत चाललेले, आणि रेकॉर्डवर होतं तसं आवाज हळूहळू कमी करून बंद झालं. तर बाबा वैतागले. "मधीच कित्याक बंद केल्यानी? आत्ता खंय रंगाक इला हुता."

मी म्हटलं, बाबा, तेव्हा रेडिओसाठी गाणं अडीच मिनिटांतच आटपावं लागायचं. त्यांना ते काही पटलं नाही, गजर चढल्यावर कुणी उठून जातं का म्हणाले. मग मला आठवलं की त्या १९६७ च्या दौऱ्यातला ऑस्लोचा कार्यक्रम नॉर्वेच्या टीव्हीने चित्रित केलेला आहे, काळापांढरा, त्यात हेच गाणं आहे, सूट भिजून अंगाला चिकटलेले, दोघंही एका जागी उभे राहत नाहीत, आणि गाणं संपतंय म्हणता म्हणता परत उचलतात, परत परत. त्याची लिंक मी त्यांना पाठवली. गावी नेट धड नाही, त्यामुळे शेजारच्या पोराला सांगून ठेवलंय की पूर्ण डाउनलोड करून मगच त्यांना दे, अर्धवट नको.